गॅस टेस्टिंग आणि स्फोटापासून बचाव: आपल्या कामगारांना खरोखर कसं शिकवायचं

लोटे, महाड, रोहा-धाटाव, तळोजा, पाताळगंगा, उसर, इकडे रत्नागिरीपर्यंत जे सेफ्टीवाले, सुपरवायझर आणि छोटे कॉन्ट्रॅक्टर आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. आपल्याकडे ट्रेनिंग म्हणजे काय होतं ते सगळ्यांना माहितीय, बाहेरून कोणीतरी येतो, दोन तास स्लाइड दाखवतो, हजेरीवर सह्या घेतो, चहा-बिस्कीट होतं आणि दुसऱ्या दिवशी ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटच्या) टाकीत उतरणाऱ्या पोराला गॅस मीटर चालू कुठून करायचा तेही माहीत नसतं. कागदावर मात्र तो ट्रेन्ड असतो.

आणि हे काय लांबचं नाही. १९९० च्या नोव्हेंबरात नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये गॅस गळून स्फोट झाला, तीसहून जास्त माणसं गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये उरणच्या गॅस प्लांटला आग लागली, ४ जण गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाड एमआयडीसीत स्फोट आणि आग, ११ जण. यातल्या गावांत आपले पाहुणे राहतात.

माझं म्हणणं थोडक्यात असं की मीटर काय दाखवतो हे शिकवायला अर्धा तास पुरतो, पण मीटरला काय दिसत नाही हे कळल्याशिवाय माणूस गॅस टेस्टर होत नाही. आणि हे शिकायचं फक्त साहेबाने नाही, जो खाली उतरतो त्याने. तो बरेचदा कॉन्ट्रॅक्टरचा हेल्पर असतो, बिहार-झारखंडवरून आलेला असतो, तेव्हा हिंदीत शिकवा, मराठीत शिकवा, पण त्याच्या भाषेत शिकवा.

पहिलं काम: वर्गात जायच्या आधी प्लांट फिरा

ट्रेनिंगची सुरुवात स्टोअरमधून करा. स्टोअरकीपरकडून सॉल्व्हंट आणि गॅसची लिस्ट घ्या, प्रत्येकाची सेफ्टी डेटा शीट काढा आणि त्यातल्या पाचच गोष्टी एका मोठ्या कागदावर लिहा: फ्लॅश पॉइंट (किती तापमानाला ठिणगीने पेटेल एवढी वाफ सुटते), एलईएल-यूईएल (हवेत कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती टक्के वाफ असली तर पेटते), हवेपेक्षा जड की हलका, किती तापमानाला आपोआप पेटतो, आणि श्वासातून किती पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत किती भाग) चालतो. उदाहरणार्थ टोल्युइन, फ्लॅश पॉइंट ४ अंश, एलईएल १.१ टक्के, यूईएल ७.१, वाफ हवेच्या तिप्पट जड. मेथॅनॉल, फ्लॅश पॉइंट ११-१२ अंश, पेटायची रेंज ६ ते ३६ टक्के. हायड्रोजन ४ ते ७५ टक्के, सगळ्यात हलका. अमोनिया १५ ते २८ टक्के, हवेपेक्षा हलका, हा बर्फाच्या कारखान्यात आणि कोल्ड स्टोरेजला भेटतो.

आता कोकणातलं तापमान बघा, आपल्याकडे थंडीतसुद्धा दुपारी २८-३० च्या खाली सहसा जात नाही. म्हणजे टोल्युइन, ॲसिटोन, मेथॅनॉलचं झाकण उघडं राहिलं की पेटू शकेल एवढी वाफ बारा महिने तयार. हे कामगाराला असंच सांगा, "फ्लॅश पॉइंट" ची व्याख्या पाठ करून घ्यायची गरज नाही.

मग त्यांना घेऊन प्लांटमध्ये चाला आणि विचारा, इथे ड्रम सांडला तर वाफ कुठे जाईल? जड वाफ उताराने जाते, केबल ट्रेंचमध्ये, पंपाच्या खड्ड्यात, पावसाच्या गटारात. रात्री वारा पडलेला असला की ती जमिनीला धरून लांबवर सरकते आणि तिकडे कोणीतरी वेल्डिंग करत असतं. जुना ऑपरेटर असेल तर त्याला बोलू द्या, पाणी कुठे तुंबतं ते त्याला बरोबर माहीत असतं आणि जड वाफही बरेचदा तिथेच साठते.

दुसरं: एलईएल नीट डोक्यात बसवा, कारण खरा घोळ इथेच होतो

हवेत वाफ किती टक्के झाली की ठिणगीने पेटेल तो खालचा आकडा म्हणजे एलईएल. मीटर जेव्हा १० दाखवतो तेव्हा तो हवेत १० टक्के गॅस आहे असं सांगत नसतो, पेटायच्या खालच्या हद्दीच्या दहाव्या भागापर्यंत पोचलोय असं सांगत असतो. हा फरक दोनदा-तीनदा सांगा, फळ्यावर काढा, उलटा प्रश्न विचारा.

आता फळ्यावर टोल्युइनचं गणित करा, मी तर म्हणेन बाकी काही राहिलं तरी हे राहू देऊ नका. एलईएल १.१ टक्के म्हणजे ११,००० पीपीएम. मीटरवर ५ आलं म्हणजे ५५० पीपीएम. आणि ५०० पीपीएमच्या वर टोल्युइन जिवाला तातडीने धोक्याचं धरलं जातं. म्हणजे बऱ्याच ठिकाणी १० टक्के एलईएलच्या खाली असलं की "एन्ट्री ओके" लिहितात, तिथे स्फोट होणार नाही हे खरं, पण आत गेलेला माणूस गरगरून पडू शकतो. पेटणं आणि विषबाधा हे दोन वेगळे हिशोब आहेत आणि एलईएलचा आकडा फक्त पहिल्याचं उत्तर देतो. सॉल्व्हंटच्या टाकीला म्हणूनच पीआयडी मीटर (अतिनील दिव्याने वाफ थेट पीपीएममध्ये मोजणारा) किंवा डिटेक्टर ट्यूब (गॅस लागला की रंग बदलणारी काचेची नळी) लागते. पीआयडीलाही मर्यादा आहेत, नेहमीचा १०.६ ईव्हीचा दिवा मेथॅनॉल पकडत नाही आणि मिथेनही पकडत नाही, मेथॅनॉलला ट्यूबच हवी.

आणखी एक. बहुतेक मीटर मिथेनवर कॅलिब्रेट केलेले, म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणातल्या मिथेनशी जुळवून लावलेले असतात. टोल्युइन, झायलीनसारख्या जड वाफेला तोच सेन्सर कमी रीडिंग देतो, खरं प्रमाण दाखवलेल्याच्या दुप्पट किंवा जास्तही असू शकतं. मॅन्युअलमध्ये करेक्शन फॅक्टरचा तक्ता असतो, त्याची झेरॉक्स काढून मीटरच्या पेटीला चिकटवा.

तिसरं: मीटर त्यांच्या हातात द्या

टेबलावर ठेवून दाखवू नका, प्रत्येकाच्या हातात द्या. मोकळ्या हवेत चालू करायचा, मोकळी हवा म्हणजे जनरेटरच्या धुराजवळ नाही आणि फोर्कलिफ्टच्या मागे नाही. तिथे झिरो करायचा. मग बंप टेस्ट, म्हणजे माहीत असलेला गॅस थोडा वेळ सोडून मीटर खरंच ओरडतो का ते बघणं. चार गॅसच्या मीटरला जे सिलिंडर मिळतं त्यात साधारण मिथेन २.५ टक्के म्हणजे एलईएलचा अर्धा भाग, ऑक्सिजन १८ टक्के, कार्बन मोनॉक्साइड १०० पीपीएम आणि हायड्रोजन सल्फाइड (एचटूएस) २५ पीपीएम असतं. बंप रोज, वापरायच्या आधी. कॅलिब्रेशन कंपनीने सांगितलेल्या मुदतीत, आणि मीटर आपटला किंवा भिजला तर लगेच.

लायटरचा गॅस सोडून मीटर "चेक" करायची सवय बऱ्याच ठिकाणी दिसते, ती कडकपणे बंद करा. त्याने सेन्सर एकदम ओव्हर जातो, खराब होऊ शकतो, आणि ऑक्सिजन, एचटूएसचे सेन्सर चालू आहेत की मेलेत ते काहीच कळत नाही.

मग हे प्रात्यक्षिक करा, उघड्यावर. मीटरला नुसता नायट्रोजन द्या. ऑक्सिजन झरझर खाली येईल, एलईएल शून्यच राहील. आता विचारा, एलईएल झिरो आहे, उतरू का? थोडा वेळ गप्प राहा, उत्तर त्यांच्याकडून येऊ द्या. मग सांगा की एलईएल मोजणारा नेहमीचा कॅटॅलिटिक सेन्सर गॅस जाळून मोजतो आणि जाळायला ऑक्सिजन लागतो, साधारण १० टक्क्यांच्या खाली त्याच्या एलईएल रीडिंगवर विश्वास ठेवायचा नाही. आपल्याकडे रिॲक्टर नायट्रोजनने ब्लँकेट केलेले असतात, म्हणजे आत हवेऐवजी नायट्रोजन भरलेला असतो, तिथे टाकी सॉल्व्हंटच्या वाफेने भरलेली असूनसुद्धा एलईएल शून्य दाखवू शकतो. आणि नायट्रोजनला वास नाही, गुदमरल्यासारखं होत नाही, एक-दोन श्वासात माणूस खाली पडतो.

गॅस खूपच जास्त झाला, यूईएलच्याही वर, तरी हाच सेन्सर काटा एकदा वर नेऊन परत खाली आणतो. म्हणून आकडा झटकन वर जाऊन पडला तर तो "गेला" असं समजायचं नाही, बाहेर यायचं. इन्फ्रारेड सेन्सर ऑक्सिजनशिवाय चालतो पण त्याला हायड्रोजन दिसत नाही. तुमच्याकडे हायड्रोजनेशन (हायड्रोजन वापरून होणारी प्रक्रिया) असेल तर मीटर घेताना हे पहिलं विचारा.

सिलिकॉन स्प्रे, सिलिकॉन सीलंट, काही पॉलिश, यांची वाफ कॅटॅलिटिक सेन्सरला कायमची मारते. मीटर मेला तरी स्क्रीन चालूच राहते आणि शून्य दाखवत राहते. रोजची बंप टेस्ट यासाठीच असते.

चौथं: टाकी टेस्ट करायची पद्धत

क्रम असा: आधी ऑक्सिजन, मग एलईएल, मग विषारी गॅस. मीटर चारही एकदम दाखवतो पण वाचायचं या क्रमाने, कारण ऑक्सिजनच बरोबर नसेल तर एलईएलला अर्थ नाही.

झाकण पूर्ण उघडायच्या आधी थोडी फट करून पाइप आत सोडा, वारा पाठीवर घेऊन उभे राहा, तोंड मॅनहोलवर नेऊ नका. मग वर, मध्ये, तळाला, साधारण दर सव्वा मीटरला थांबून रीडिंग. हायड्रोजन, अमोनिया, मिथेन वर जमतील, सॉल्व्हंट आणि एलपीजी तळाला, एचटूएस हवेपेक्षा थोडा जड म्हणून खाली. आडोसे, बॅफल (टाकीतल्या आडव्या-उभ्या पट्ट्या), कोपरे वेगळे बघा.

पाइपमधून हवा मीटरपर्यंत यायला वेळ लागतो हे लोक विसरतात. पाइपच्या दर एक मीटर लांबीला ३ सेकंद धरा, १० मीटर पाइप म्हणजे अर्धा मिनिट, त्याच्यावर सेन्सर स्थिर व्हायचा वेळ वेगळा, तुमच्या मीटरच्या मॅन्युअलमधला आकडा शेवटचा. ट्रेनिंगमध्ये मोठ्याने मोजायला लावा. पाइप खाली सोडला, पाच सेकंद बघितलं आणि परमिटवर (कामाच्या लेखी परवानगीवर) शून्य लिहिलं, हे टेस्टिंग नाही. पावसाळ्यात पाइपमध्ये पाणी ओढलं जातं, फिल्टर ओला होऊन हवा अडते, तेव्हा पाइपचं तोंड बोटाने बंद करून पंप अलार्म देतो का ते आधी बघून घ्या.

ऑक्सिजन १९.५ च्या खाली नको आणि २३.५ च्या वर नको. पण १९.५ च्या वर आहे म्हणजे झालं असं शिकवू नका. बाहेर त्याच दमट हवेत झिरो केलेला मीटर २०.९ दाखवत होता आणि टाकीत २०.३ दाखवतोय, तर फरक जेमतेम ०.६ वाटतो. पण हवेत ऑक्सिजन पाचवा भागच आहे, तो ०.६ ने कमी व्हायला जवळपास ३ टक्के दुसरं काहीतरी आत घुसलेलं असू शकतं, म्हणजे ३०,००० पीपीएम. किंवा गंज ऑक्सिजन खातोय. काय आहे ते कळेपर्यंत उतरायचं नाही. उलट २३.५ च्या वर म्हणजे बहुतेक गॅस कटिंगचा ऑक्सिजन होज आत गळतोय, अशा हवेत कपडे भडकून पेटतात. जेवायला जाताना होज बाहेर काढायचाच.

आता ईटीपी आणि सेप्टिक टँक. यात एचटूएस गाळात अडकलेला असतो. वरून टेस्ट केली, शून्य आलं, माणूस उतरला, फावडं घातलं की गाळ फुटून गॅस एकदम बाहेर. म्हणून आधी लांब बांबूने किंवा पाण्याच्या जेटने गाळ ढवळायचा, मग परत टेस्ट, आणि आत असताना मीटर छातीला लावलेला, चालू, सेन्सर शर्टाच्या खिशात झाकलेला नाही. सडक्या अंड्याचा वास येतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण १०० पीपीएमच्या आसपास नाक बधिर होतं आणि वास बंद होतो, माणसाला वाटतं गॅस गेला. वास हा कधीच मीटर नाही.

ब्लोअर चालू असताना टेस्ट करा, मग १०-१५ मिनिटं बंद ठेवून परत करा. दुसऱ्या रीडिंगमधून टाकी स्वतः किती गॅस सोडतेय ते कळतं. जेवणानंतर, चहानंतर, शिफ्ट बदलली की नवीन टेस्ट. हॉट वर्क (वेल्डिंग, कटिंगसारखं ठिणगीचं काम) असेल तर एलईएल शून्यच पाहिजे आणि आजूबाजूची गटारंही टेस्ट करा.

पाचवं: फ्लेमप्रूफ सामान, आणि आपल्या समुद्राची हवा

झोन ० मध्ये गॅस कायम, झोन १ मध्ये नेहमीच्या कामात कधीकधी, झोन २ मध्ये काही बिघडलं तरच. पावडर असेल तर २०, २१, २२. हेल्परला एवढं पुरे, नकाशा भिंतीवर लावा आणि "तू आत्ता कुठे उभा आहेस?" हे विचारत राहा.

इलेक्ट्रिशियनला मात्र प्लेट वाचता आली पाहिजे. गॅसचा ग्रुप टू-ए प्रोपेनसारख्यांचा, टू-बी इथिलीनसारख्यांचा, टू-सी हायड्रोजन आणि ॲसिटिलीनचा. टी-क्लास म्हणजे सामानाचा पृष्ठभाग जास्तीत जास्त किती तापेल, टी३ म्हणजे २००, टी४ म्हणजे १३५, टी६ म्हणजे ८५ अंश. टू-बीचा दिवा हायड्रोजन असलेल्या ठिकाणी चालत नाही, कितीही जाडजूड दिसला तरी. नागपूरच्या पेसोची (स्फोटक आणि ज्वलनशील पदार्थांच्या सुरक्षेची सरकारी संस्था) मान्यता आहे का तेही प्लेटवर बघायचं.

हे शिकवायला स्क्रॅपमधला एक फ्लेमप्रूफ जंक्शन बॉक्स टेबलावर आणा. खोला, फ्लँज दाखवा आणि समजवा की हा बॉक्स गॅस आत जाऊ नये म्हणून नाही, आत स्फोट झाला तरी ज्वाला त्या अरुंद फटीतून बाहेर येईपर्यंत थंड व्हावी म्हणून आहे. हे एकदा कळलं की बाकी नियम आपोआप कळतात. एक बोल्ट कमी असला तर फट मोठी. फ्लँजवर ओरखडा, गंजाचे खड्डे, तरी फट मोठी. रंग फासला तरी चूक. वापरात नसलेल्या भोकाला लाकडाची खुंटी किंवा चिंधी नाही, सर्टिफाइड स्टॉपर प्लगच. केबल बॉक्समध्ये शिरते तिथली ग्लँड डबल कॉम्प्रेशन आणि केबलच्या मापाची.

आपल्याकडे खारी हवा आणि धो धो पाऊस, त्यामुळे बोल्ट दोन-तीन वर्षांत गंजतात, कोणीतरी जवळच्या हार्डवेअरमधून मिळेल तो बोल्ट आणून लावतो. आणि जूनमध्ये बॉक्समध्ये पाणी शिरलं की वरून एम-सील किंवा सिलिकॉन थापतात. पाणी थांबतं, फ्लेमप्रूफपणा गेला, आणि सिलिकॉनची वाफ जवळच्या गॅस डिटेक्टरलाही मारते. गंजरोधक ग्रीस चालते, न सुकणारी, मेकरने सांगितलेली. बोल्ट सर्टिफिकेटमधल्या ग्रेडचाच. मे महिन्यात पावसाआधी एक फेरी आणि गणपतीनंतर एक फेरी, एवढं वेळापत्रक ठेवलंत तरी खूप फरक पडेल.

शिकाऊ मुलांना प्लांटमध्ये सोडा आणि असे दोष शोधून फोटो नव्हे, चिठ्ठी आणायला सांगा. साधा मोबाइल झोनमध्ये न्यायचा नाही हा नियम ट्रेनिंगच्या दिवशीही मोडायचा नाही. धातूच्या टाकीत हातातला दिवा २४ व्होल्टच्या वर नको, हे १९४८ च्या कारखाने कायद्यापासून लिहिलेलं आहे, आणि गॅस असू शकतो तिथे तो फ्लेमप्रूफही पाहिजे.

स्टॅटिकबद्दल थोडक्यात: ड्रममधून ड्रममध्ये ओतताना दोन्हीला जोडणारी बाँडिंग वायर आधी, ओतणं नंतर, क्लिप रंगावर नाही, उघड्या धातूवर. पाइप तळापर्यंत न्यायचा, उंचावरून धार सोडायची नाही. टोल्युइनसारखं सॉल्व्हंट वाहता वाहता चार्ज पकडतं.

सहावं: परमिट आणि बाहेर उभा राहणारा माणूस

परमिट टाकीच्या तोंडाशी भरायचं, ऑफिसमध्ये नाही. रीडिंग, वेळ, मीटरचा नंबर, टेस्ट करणाऱ्याची सही. "ओके" हे रीडिंग नाही, आकडा लिहा.

बाहेरचा अटेंडंट म्हणून बहुतेक ठिकाणी सगळ्यात नवीन पोरगा ठेवतात. उलटं करा, सगळ्यात शहाणा माणूस ठेवा. त्याची कामं: आत कोण आहे ते मोजणं, बोलत राहणं, मीटर बघणं, काही झालं तर ओरडणं आणि विंचने ओढणं. आत जाणं हे त्याचं काम नाही, आत सख्खा भाऊ असला तरी. एकाच टाकीत एकामागोमाग एक दोघं-तिघं गेल्याच्या बातम्या आपण वाचतो त्या याच क्षणाच्या असतात, पहिला पडला, दुसरा वाचवायला उतरला, तिसरा त्याच्यामागे. म्हणून मॉक ड्रिल करा: ७० किलो वाळूची गोण हार्नेसमध्ये अडकवून खाली सोडा, ट्रायपॉड लावा आणि वर ओढायला लावा. किती मिनिटं लागतात ते त्यांना स्वतःला बघू द्या. मॅनहोलमधून बीए सेट (श्वासाच्या हवेचं सिलिंडर आणि मास्क) पाठीवर घेऊन माणूस जातो का तेही त्याच दिवशी बघा, बऱ्याच जुन्या टाक्यांना जात नाही.

सातवं: परीक्षा, आणि सर्टिफिकेट कोणाला

लेखी पेपर नको, हाताने करून दाखवायला सांगा. बंप टेस्ट न करता मीटर उचलला तर नापास. पाइपचा वेळ मोजला नाही तर नापास. "एलईएल झिरो, ऑक्सिजन ८, उतरशील का?" याला चुकला तर नापास, आणि नापास म्हणजे परत शिकवणं, पगार कापणं नाही, नाहीतर सगळे एकमेकांना उत्तरं सांगतील. पास झालेल्याचं नाव गेटवर लावा म्हणजे परमिट देणाऱ्याला कळेल कोण टेस्ट करू शकतो. फ्लेमप्रूफ सामानाचं काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनसाठी आयईसीईएक्सची (स्फोटक वातावरणातल्या इलेक्ट्रिक सामानासाठीची आंतरराष्ट्रीय योजना) वैयक्तिक सक्षमतेची सर्टिफिकेट असतात, मोठ्या प्लांटने दोन-तीन माणसांना तरी ती करून द्यावीत. रिफ्रेशर वर्षाला एक, आणि शिमगा-गणपतीच्या सुट्टीनंतर प्लांट परत चालू करताना छोटासा, कारण तेव्हा निम्मी टीम नवीन असते.

बोटींचं राहिलं

हे एमआयडीसीपुरतं नाही. मिरकरवाडा, हर्णै, सगळ्या बंदरांत यांत्रिक बोटी १ जून ते ३१ जुलै बंद असतात आणि १ ऑगस्टला सुरू करायच्या आधी मासळी ठेवायचा कप्पा साफ करायला खलाशी उतरतात. आत सडलेल्या मासळीचं पाणी दोन महिने साचलेलं, एचटूएस जास्त, ऑक्सिजन कमी. तसंच स्वयंपाकाचा एलपीजी गळला तर तो जड असल्याने बोटीच्या तळाला जाऊन बसतो आणि इंजिन स्टार्ट करताना ठिणगी मिळते. तांडेलांनी (बोटीच्या प्रमुखांनी) एवढं तरी करावं: झाकणं आदल्या दिवशी उघडायची, ब्लोअरने हवा मारायची, पाणी बाहेरूनच पंपाने काढायचं, उतरणाऱ्याला हार्नेस आणि दोरी, वर ओढायला पुरेशी माणसं. आणि मच्छीमार सोसायटीने मिळून चार गॅसचा एक मीटर घ्यावा, बंदरावर ठेवावा, दोघा-तिघांना शिकवावं. कॅलिब्रेशनला जवळच्या एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीच्या सेफ्टी डिपार्टमेंटला जाऊन विचारा, त्यांच्याकडे सिलिंडर आणि माणूस दोन्ही असतात, बंप टेस्ट करून द्यायला पाच मिनिटं लागतात.